पांढरी पाच आणि काळी चारच्या मधली आक्का

आक्का, तू गेल्यापासून लोक मला धीर देतायत. तुझ्या घरी, माझ्या घरी, बसमध्ये, भाजी घेताना. मोठी बहीण म्हणजे आईच, म्हणतात. मी मान हलवतो. त्यांना काय सांगू, की रडू येतं त्यापेक्षा मला राग जास्त येतोय? आईशी मी आयुष्यात एवढा भांडलो नाही. तुझ्याशी चार वर्षं दर गुरुवारी भांडलो, तेही एकाच गोष्टीवरून, आणि भांडण ऐन रंगात आलेलं असताना तू उठून चालती झालीस. असं करतात होय?

परवा तुझा तेरावा झाला. संध्याकाळी मंडळाच्या बायका भजनाला बसणार होत्या, आणि तिथे पेटी घेऊन जायचं की नाही, हे मला शेवटच्या दिवसापर्यंत ठरवता येत नव्हतं. तू म्हणशील, त्यात ठरवायचं काय रं? पण मधल्या काळात काय काय झालं ते तुला माहीतच नाही. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तू मध्ये तोंड घालणार नाहीस, हा अनुभव माझ्यासाठी नवीनच आहे.

बँकेतून मी वेळेआधी निवृत्ती घेतली तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या तूच घातल्यास. माझं म्हणणं होतं, पोरासोरांच्या हाताखाली टार्गेट पूर्ण करत बसायचं माझं वय राहिलं नाही. तू म्हणालीस, मग काय करायचं वय झालंय? पोरगी बंगळुरात. नंदा सकाळी शाळेत शिकवायला जायची ती चारला परत यायची. मी हिंडलगा रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून खाली कोण गाडी वाकडी लावतंय त्यावर लक्ष ठेवायचो. कुणी वाकडी लावली की वरून ओरडायचो. सोसायटीत माझ्याशी बोलणारी माणसं हळूहळू कमी झाली.

अशात एका सकाळी बेल वाजली. दारात तू, आणि तुझ्यामागे धापा टाकणारा रिक्षावाला, हातात वाकळेत बांधलेलं भलंमोठं गाठोडं.

"हळू ठेव रं, आत काच न्हाय पर काळीज हाय," तू त्याला म्हणालीस. आणि मला, "बगत काय उभारलाईस? हात लाव."

वाकळ सोडली तर आत माझी पेटी. संकेश्वरला शाळेत असताना मी जिच्यावर शिकलो ती. बँकेत लागलो, पहिली बदली झाली, तेव्हा ती तुझ्याकडे निपाणीला ठेवली होती. तू 'ठेवली' कधी म्हणाली नाहीस, 'टाकली' म्हणायचीस. तीस वर्षं ती तुझ्या कपाटावर होती, आणि दाजी तंबाखूच्या वखारीतून आले की टोपी काढून तिच्यावर ठेवायचे. आता तिला नवा भाता होता. लाकडाला पॉलिश होतं. मला न विचारता तू तिची सगळी डागडुजी करून आणली होतीस.

"गुरुवारी भजन असतंय आमचं दत्ताच्या देवळात. पेटीवाला मिळंना झालाय. तू यायचास."

"आक्का, तीस वर्षं हात लावला नाही मी तिला."

"मग आता लाव."

चहा पिऊन तू दुपारच्या बसने परत गेलीस. हो म्हणायची वाट बघायची पद्धत तुझ्यात कधी नव्हतीच.

त्यानंतरचे महिने मी विसरणार नाही, आणि तू विसरली असशील तर तुला आठवण करून देणं माझं कर्तव्य आहे. बावन्नाव्या वर्षी माणसाने मांडी घालून बसावं आणि सा रे ग म पासून सुरुवात करावी, यासारखी फजिती नाही. गुडघे वीस मिनिटांत बोंबलायला लागायचे. डाव्या हाताने भाता मारला की खांदा धरायचा. उजव्या हाताची पहिली दोन बोटं बऱ्यापैकी चालायची, पण अनामिका प्रत्येक वेळी उशिरा पोचायची, बाकीची पुढे निघून गेल्यावर. लहानपणी जे अलंकार जेवायच्या आधी दहा मिनिटांत उरकायचो, ते आता अर्धा तास घेऊन अर्धेच व्हायचे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नंदाला विचारलं, घरात कुणाचं लहान मूल राहायला आलंय का. नंदाने हे मला जेवताना सांगितलं आणि स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला.

पेटी निपाणीलाच राहू दे, मी नुसता येत जातो, असं मी तुला हात जोडून सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. "हितं ठेवलास तर घरात वाजिवणार न्हाईस," म्हणालीस. म्हणजे दर गुरुवारी बेळगावच्या बसस्टँडवर ती पेटी चढवायची आणि निपाणीला उतरवायची. कंडक्टर दर वेळी तिच्याकडे बोट दाखवून लगेजचं तिकीट मागायचा. "इदक्क लगेज आगतद री." मी त्याला मोडक्या कानडीत सांगायचो, की मांडीवर घेतो. मग संकेश्वरपर्यंत पेटी मांडीवर, आणि संकेश्वरला ऊसतोडीची माणसं चढली की पेटीवर त्यांची बोचकी. बँकेत असताना मला शिपाई बॅग उचलून द्यायचा, आक्का. तू मला या वयात हमाल केलंस.

आणि पोचल्यावर तुझं मंडळ. वीसेक बायका. कुणी घरी विड्या वळणारी, कुणी अंगणवाडीतून निवृत्त झालेली, कुणाची किराणा मालाची टपरी. सगळ्यांत एकटा पुरुष मी. पखवाजावर मालन, तुझ्या शेजारी सुनंदा, आणि मधोमध तू, हातात टाळ घेऊन. मी पेटी उघडली, घाम पुसला, आणि पेटीवाल्याने करायचं ते पहिलं काम केलं. सूर दिला.

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. डोळे मिटलेस आणि अभंग सुरू केलास. भलत्याच सुरात.

मला वाटलं, पहिला दिवस आहे, आपलंच चुकलं असेल. काळी चार दाबली. तुझा सूर तिच्या खाली. पांढरी पाच दाबली. तुझा सूर तिच्या वर. पुन्हा काळी चार. पुन्हा पांढरी पाच. अख्खा अभंग मी त्या दोन शेजारच्या पट्ट्यांत येरझाऱ्या घातल्या. त्या दोघींच्या मध्ये तिसरी पट्टी नसते, आक्का. जगातल्या कुठल्याच पेटीला नसते. तू नेमकी तिथे उभी होतीस, जिथे पेटीत नुसतं लाकूड असतं.

भजन संपल्यावर मी शांतपणे विषय काढला. खरंच शांतपणे काढला होता. म्हटलं, आधी पेटीचा सूर ऐकायचा, तो गळ्यात घ्यायचा, मग सुरू करायचं. सगळीकडे असंच करतात.

"आनी मी काय करतीया?"

"तू मनाला येईल तिथनं सुरू करतेस. तुझा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतो."

"माझा न्हाय पडत. तुझी पेटी उतारलीया."

"पेटी तूच दुरुस्त करून आणलीस ना?"

"भात्याची किली. सुरांचं तू बगायचं हुतंस."

चार वर्षं आपण या जागेवरून एक पाऊल पुढे सरकलो नाही. मी पेटी बेळगावात तपासून आणली, बरोबर निघाली. तुला सांगितलं, तर म्हणालीस, तपासणाऱ्याची पेटी उतरली असेल. मी मोबाइलवर सूर दाखवणारं अ‍ॅप घेतलं आणि तुझ्या तोंडासमोर धरलं. काटा दोन खुणांच्या बरोबर मध्ये जाऊन थांबला. एकदा नाही, दर वेळी. सकाळी गा, संध्याकाळी गा, सर्दी झालेली असताना गा, काटा तिथेच. दुसरा माणूस बेसूर असला तर आज इथे उद्या तिथे असतो. तू बेसूरही ठाम होतीस. अ‍ॅप बघून तू चष्मा काढलास आणि म्हणालीस, "मोबाईलला काय कळतंय रं देवाचं?"

तुझं ते दुसरं वाक्य तर मी नंदाला, पोरीला, सोसायटीतल्या जोश्यांना, सगळ्यांना चिडून सांगत फिरलो. "माझा गळा देवानं दिलाय. तुझी पेटी सुतारानं केलीया. कोन चुकंल, सांग." जोशी म्हणाले, मुद्दा बिनतोड आहे. त्यांच्याशीही माझं आठवडाभर बोलणं बंद होतं.

एका सप्ताहाची गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. खानापूरकडच्या एका गावात आपलं भजन होतं, मांडव भरलेला, पुढे गावचे पाटील वगैरे बसलेले. तू नेहमीप्रमाणे मधनंच सुरू केलंस. एवढ्या लोकांत बेसूर पेटी वाजवायची माझी तयारी नव्हती. मी पट्ट्यांवरून नुसती बोटं फिरवली. दाबली नाहीत. भाता मात्र जोरात मारत राहिलो, मानही डोलावली. दोन तास पेटीतून हवेशिवाय काही निघालं नाही. संपल्यावर एक गृहस्थ मुद्दाम येऊन म्हणाले, पेटी लई भारी वाजली. आणि परतीच्या टेंपोत तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालीस, "आज कशी लागली बग पेटी. मी म्हनत न्हवते?"

त्या रात्री घरी येऊन मी जेवलोसुद्धा नाही. आता हसू येतं. मग परत राग येतो.

हे सगळं खरं, तरी एक गोष्ट त्या सगळ्याच्या पलीकडची आहे. दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपल्यावर असेल, दुपारी घरात एकटाच वाजवत होतो. गुरुजींनी संकेश्वरला शिकवलेली भूपची एक गत मी विसरलो असं मला वाटत होतं. बोटं सहज तिकडे गेली आणि सगळी गत आली. अनामिका वेळेवर पोचली. मी थांबलो नाही, पुन्हा वाजवली, मग पुन्हा. नंदा कधी दार उघडून आत आली ते कळलं नाही. चार वाजून गेले होते आणि त्या दिवशी मी गॅलरीत एकदाही गेलो नव्हतो. तुला फोन लावला. हे तुझ्यामुळे झालं असं म्हणायचं होतं. तू उचललास, आणि पलीकडून "काय रं दिन्या, पैलं जेवलास का?" असं आलं. मी म्हटलं, "तुझी वाकळ इथेच राहिलीय, घेऊन जा." तू म्हणालीस, "त्येच्यासाठी फोन केलास व्हय?" मी हो म्हटलं.

तर तुला माहीत नाही तो भाग आता येतो.

या वर्षी मी ठरवलं, आता भांडण पुरे. तू बदलणार नाहीस हे कळायला मला चार वर्षं लागली. मग पेटीच बदलायची. एका गुरुवारी तू गात असताना मोबाइल मांडीखाली ठेवून तुझा सूर रेकॉर्ड केला. बेळगावात खडेबाजाराच्या बाजूला पेट्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे पेटी नेली आणि म्हटलं, हिचे सगळे सूर खाली घ्या. काळी चार दाबली की हा आवाज आला पाहिजे. आणि मोबाइल लावला.

त्यांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू दुकानात वेडा माणूस शिरलाय.

"हे कुठल्याच पट्टीत नाही, साहेब. अशी केली तर ही पेटी कुणाबरोबर वाजणार?"

"एका माणसाबरोबर."

"आणि परत वर चढवायची झाली तर? पितळी पत्ती असते आतली. एकदा घासली की घासली. पुन्हा घासायला आणलीत तर पातळ होऊन तुटायची. मग मला बोलू नका."

मी म्हटलं, बोलणार नाही. त्यांनी चार दिवस, जमेल तसं, एकेक पत्ती काढून घासली आणि दर थोड्या वेळाने तुझं रेकॉर्डिंग लावून ताडून पाहिली. त्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तू माझ्यावर खेकसतेस. "दिन्या, फोन ठेव खाली, ध्यान हितं दे." म्हणजे मांडीखालचा फोन तुला दिसला होता. त्यांच्या दुकानात ते वाक्य किती वेळा वाजलं असेल देव जाणे. मी चौकशीला गेलो की ते हसून म्हणायचे, बाई कडक आहेत.

मधल्या गुरुवारी मी निपाणीला रिकाम्या हाताने आलो. तू देवळाच्या पायरीवरच अडवलंस.

"पेटी कुटं हाय?"

"भाता फाटलाय."

"नवा घालून दिलता की रं मी! कसा वाजिवतोस, दनके मारतोस व्हय?"

मी गप्प बसलो. तुझ्यासमोर गप्प बसायला किती ताकद लागते हे फक्त दाजींना आणि मला माहीत आहे. तू मला टाळ दिलास, आणि अर्ध्या अभंगात तो काढून घेतलास. "तुला टाळ बी धराय येत न्हाय," असं वीस बायकांसमोर म्हणालीस. निघताना, मी चप्पल घालत असताना, तुझं शेवटचं वाक्य: "फुडच्या गुरुवारी बिगरपेटीचा येऊ नगंस." मी मनात म्हटलं, बघच आता. पुढच्या गुरुवारी तू तोंड उघडलंस की तुझ्याच सुरात पेटी वाजेल, आणि तुझा चेहरा कसा होतो ते मी बघणार. बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

सोमवारी दाजींचा फोन आला. मला एकदम काही कळेना, कारण दाजी कधी फोन करतच नाहीत. ते एवढंच म्हणाले, "दिनू, ये बाबा."

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी, बाहेर खुर्च्यांवर माणसं बसलेली असताना माझा फोन वाजला. पेटीवाले होते. "तयार झाली बघा, साहेब. एकदम बाईंच्या सुरात. कधी येताय? बाईंना पण घेऊन या ऐकायला."

मी 'येतो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? पण खरं सांगू, आक्का, त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की तिथून उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. तीन दिवस थांबायला काय होत होतं तुला? आयुष्यभर कधी कशाला थांबली नाहीस, निदान तेवढं थांबायचंस.

आणि एवढ्यावर भागलं नाही. चार-पाच दिवसांनी सुनंदा आणि मालन दाजींना भेटायला आल्या होत्या. मी चहा द्यायला गेलो. सुनंदा पदराने डोळे पुसत बोलत होती, आक्का अशी, आक्का तशी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्यावर लई जीव हुता अण्णा त्येंचा. आमास्नी पेटी नगोच हुती. पखवाज आनी टाळ, बास हुतं आमचं. पर आक्का म्हनल्या, माझा भाऊ घरात बसून कुजाय लागलाय. त्येला वाजवू द्या. कानाला लागलं तरी सोसा."

"सोसा म्हनल्या?" मी विचारलं.

"व्हय. आनी आमी सोसलं," मालन म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पेटीवाला मिळेना झालाय, म्हणाली होतीस! तुम्हाला पेटीवाला हवाच नव्हता. चार वर्षं मी मांडीवर ओझं घेऊन येत होतो, का तर माझ्यावाचून तुमचं अडतंय. आणि तिकडे वीस बायका दर गुरुवारी माझ्यावर उपकार करत होत्या. मला लाज वाटली, मग संताप आला, आणि मग त्या खरकट्या कपबश्या घेऊन मी मोरीत गेलो आणि नळ सोडून पोटभर रडलो. तू गेल्यानंतर तेव्हा पहिल्यांदा रडलो. एवढं तू मला ओळखून होतीस, आणि एका शब्दाने कधी बोलली नाहीस. बोलायचीस ते फक्त पेटी उतरलीय म्हणून.

पेटी घरी आणली. मी बसलो, मोबाइलवर तानपुरा लावला, तर पेटी आणि तानपुरा एकमेकांवर दातओठ खात होते. कुठलंही गाणं लावा, कुणाच्याही बरोबर वाजवा, ही पेटी सगळ्यांच्या थोडी खाली. पुन्हा वर चढवावी तर पत्त्या तुटतील. जिच्यासाठी केली ती नाही. ज्या मंडळात न्यायची त्यांना मुळात नकोच होती. मी झाकण लावलं आणि तिसऱ्या दिवशी गॅलरीत जाऊन बसलो. एकाने गाडी वाकडी लावली होती. त्याच्यावर ओरडलो.

तेराव्याच्या सकाळी मी तसाच निघालो होतो, नुसती पिशवी घेऊन. नंदा दारात उभी. म्हणाली, "पेटी?"

"त्यांना नकोय ती. सोसत होत्या म्हणे."

"त्यांचं राहू दे. वन्सं तुम्हाला शेवटचं काय म्हणाल्या होत्या?"

नंदा तशी कमी बोलते. बोलली की तुझ्या वळणावर जाते. मी पेटी उचलली. कंडक्टरने बोट दाखवलं, तर या वेळी मी मुकाट्याने लगेजचं तिकीट काढलं. भांडायचं अंगात राहिलं नव्हतं.

जेवणं उरकली. पाहुणे पांगले. ऊन उतरायला लागलं तशा बायका बाहेरच्या खोलीत तुझ्या फोटोपुढे येऊन बसल्या. मी पेटी कोपऱ्यात, भिंतीला टेकून ठेवली होती. वाकळ काढली नव्हती. ठरवलं होतं, कुणी विचारलं तर उघडायची. कुणी विचारलं नाही. मालनने पखवाजावर थाप मारली आणि थांबली. सगळ्या सुनंदाकडे बघायला लागल्या, आणि सुनंदा फोटोकडे. कोण सुरू करणार, हा प्रश्न त्या मंडळाला इतक्या वर्षांत कधी पडलाच नव्हता. बसवत नव्हतं, म्हणून मी वाकळ सोडली, पेटी पुढे ओढली आणि भाता मोकळा केला.

सूर द्यायला बोट ठेवणार, तेवढ्यात सुनंदाने डोळे मिटले आणि सुरू केलं. मला न विचारता, पेटीकडे न बघता. अगदी तुझ्यासारखं. माझ्या मनात आलं, ही दुसरी आली आता. सवयीने काळी चार दाबली.

लागली.

मला वाटलं, भास होतोय. सोडली, परत दाबली. सुनंदाचा गळा आणि पेटी एका जागी होते. मागच्या बायकांनी ओळ उचलली, त्याही तिथेच. इतकी वर्षं तुझ्या मागून गाऊन गाऊन त्यांच्या गळ्यांना तीच जागा माहीत झाली होती. त्यांना दुसरीकडून सुरू करताच येत नाही, आक्का. पांढरी पाच आणि काळी चारच्या मध्ये तू एकटी नव्हतीस. वीस बायका नेऊन बसवल्या होत्यास तिथे.

मी वाजवलं. बोटं नुसती फिरवली नाहीत, दाबून वाजवलं. पहिला अभंग, मग गवळण, मग तुझं ते कानडी पद, ज्याचा अर्थ तू मला दर वेळी वेगळा सांगायचीस. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दाजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

आरती झाली. बायका प्रसाद घेत होत्या. मालन पखवाज गवसणीत घालता घालता म्हणाली, "गुरवारी साडेचारला या अण्णा. मागल्यासारका उशीर नगो." जणू मी येणार की नाही हा प्रश्नच नव्हता. मी बरं म्हटलं.

सुनंदा मात्र पेटीकडेच बघत होती. "अण्णा, आज पेटी कशी काय लागली वो? चार वर्सं तर कुटं लागत न्हवती."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे उत्तर तयार होतं. अ‍ॅपच्या काट्यासकट होतं, पुराव्यानिशी होतं. सांगितलं असतं, की तुमची आक्का बेसूर होती, तिने तुम्हा सगळ्यांना बेसूर केलं, आणि मी एक चांगली पेटी बिघडवून तुमच्यापर्यंत खाली आणली. चार वर्षं मी ह्याच संधीची वाट बघत होतो.

"पेटीच उतरली होती," मी म्हणालो. "आक्का सांगत होती, मीच ऐकत नव्हतो. आता नीट करून आणली."

"बगा!" सुनंदा बाकीच्यांकडे वळून म्हणाली. "आक्का खोटं बोलत हुत्या व्हय कदी?"

सगळ्यांनी माना हलवल्या. दाजींनीही हलवली. वीस माणसांच्या देखत हरलो मी, आक्का, आणि ते ऐकायला नेमकी तूच नव्हतीस.